उभ्या कड्याची शपथ

माझ्या धंद्यात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा: "मॅडम, हा डोंगर जरा डावीकडे घेता येईल का?"

विचारणारे बहुतेक बिल्डर असतात. गंगापूर रोडच्या पुढे कुठेतरी द्राक्षबाग तोडून त्यांनी इमारत उभी केलेली असते आणि तिच्या प्रत्येक बाल्कनीतून ब्रह्मगिरी दिसतो असं पत्रकात छापायचं असतं. प्रत्यक्षात बाल्कनीतून समोरच्या इमारतीतल्या काकूंचे वाळत घातलेले परकर दिसतात. मग मी थंडीत कुडकुडत, धुकं कधी हलतंय याची वाट बघत ब्रह्मगिरीचा फोटो काढून आणते आणि बिल्डरच्या ऑफिसात तो कॉम्प्युटरवर परकरांच्या जागी चिकटवला जातो. याला लँडस्केप फोटोग्राफी म्हणतात. माझी ही कला नाशिकच्या निम्म्या होर्डिंगांवर झळकते आहे आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरात पार्किंगची सोय लिहिलेली असते.

दुसरी शाखा साहसाची. तिथे गिऱ्हाईक म्हणजे जाकिटं, बूट आणि पाण्यात न बिघडणारी घड्याळं विकणाऱ्या कंपन्या. काम खरं तर सरळ आहे. मी प्रस्तरारोहण करते, म्हणजे कातळकडे चढते. आधी स्वतः कडा चढायचा, वर दोर बांधायचा, कमरेला-मांड्यांना पट्टे आवळून त्या दोरावरून अर्ध्यापर्यंत खाली यायचं आणि तिथेच लोंबकळत, गळ्यात कॅमेरा अडकवून, शेजारून चढणाऱ्याचे फोटो काढायचे. चढणारा फोटोत दिसतो. काढणारी दिसत नाही. त्यामुळे फोटो बघून लोक मला हमखास विचारतात, "तुम्ही खालीच थांबत असाल ना? बरंय, बसून काम."

पण कंपन्यांना खरा चढणारा नको असतो. त्यांना मुंबईहून आलेला, दाढी कोरलेला मॉडेल हवा असतो, आणि त्या मॉडेलला कड्याकडे नुसतं बघून घेरी येते. मग जिथे शेळ्या चरतात असा एखादा कातळाचा उतार शोधायचा, शेळ्यांना हाकलायचं, मॉडेलला तिथे पालथा घालायचा आणि कॅमेरा तिरपा धरायचा. क्षितिज फोटोत येऊ द्यायचं नाही. झालं. शेळ्यांचा उतार उभा ठाकतो आणि तो माणूस जन्ममरणाच्या मधोमध लटकतो. "अजून थोडं डेंजर," कंपनीचा माणूस छत्रीखालून सांगतो. मी कॅमेरा अजून थोडा तिरपा करते.

जो कॅमेरा उताराचा कडा करू शकतो, तो कड्याचा उतारही करू शकतो, हा शोध मात्र मला घरी लागला. त्याला कारण आईची शपथ.

कॉलेजात असताना सरावाच्या भिंतीवरून पडून माझं मनगट मोडलं. प्लास्टरमध्ये हात घेऊन मी पंचवटीतल्या आमच्या घराचा जिना चढले, तेव्हा आईने आरडाओरडा वगैरे काही केलं नाही. तिने भात कालवला, मला घास भरवले आणि शेवटचा घास तोंडात असताना, म्हणजे मला उलट बोलता येणार नाही हे बघून, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उभ्या कड्यावर चढायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

शपथेचं प्रकरण आमच्या घरात गमतीचं नव्हतं. आई मखमलाबादची, फुलशेती करणाऱ्या घरातली. तिच्या माहेरी कोर्टापेक्षा शपथेला जास्त मान. मोडली तर ती मोडणाऱ्याला बाधत नाही, घालणाऱ्याला बाधते, आणि ती जिने घातली तिनेच "सुटली" म्हणून सोडवायची. लहानपणी बर्फाचा गोळा खायचा नाही अशी शपथ आईने घातली की मी "सुटली म्हण, सुटली म्हण" करत ओट्यापासून बाल्कनीपर्यंत तिच्यामागे फिरायचे. ती वैतागून एकदाची "सुटली" म्हणायची आणि मी गोळेवाल्याकडे पळायचे. मी पदवीधर आहे, माझा या गोष्टींवर विश्वास नाही, आणि तरीही एकदाही मी आईची शपथ न सोडवता गोळा खाल्लेला नाही.

ही शपथ मात्र तिने काही केल्या सोडवली नाही. उलट दर वेळी मी डोंगरातून घरी आले, सॅक खाली ठेवली, की ती हात पुसत बाहेर यायची आणि डोक्यावर हात ठेवून तीच शपथ पुन्हा घालायची. मोबाइलचं रिचार्ज संपल्यासारखी. मी म्हणायचे, "अगं घातलेली आहे की आधी." ती म्हणायची, "असू दे."

मार्ग काढला पप्पांनी. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे प्रत्येक शब्द ते आधी मोजून बघतात. एकदा आई भाजीबाजारात गेली असताना त्यांनी पेपर खाली ठेवला आणि मला विचारलं, "शपथेचे शब्द नेमके काय?"

"उभ्या कड्यावर चढायचं नाही."

"उभा म्हणजे नव्वद अंश," पप्पा म्हणाले. "निसर्गात नव्वद अंश सापडणं फार अवघड आहे बेटा. त्याच्या खाली कितीही असला तरी तो उतारच."

एवढं बोलून त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. एखाद्या वकिलाने यासाठी फी घेतली असती.

तेव्हापासून मी उतारांवर चढू लागले. नाशिक जिल्ह्यातले कडे भलतेच गरीब स्वभावाचे निघाले, एकही नव्वद अंशाचा नव्हता. काही तर शंभराच्या पुढे होते, म्हणजे डोक्यावर आलेले. त्यांच्याबद्दल शपथेत काही म्हटलेलंच नव्हतं.

प्रश्न उरला आईला काय दाखवायचं याचा. कारण तिला फोटो बघायचे असायचे. ती चष्मा लावून बसायची आणि म्हणायची, "दाखव, कुठं कुठं हिंडलीस." मग मी कॅमेऱ्याची ती कंपनीवाली करामत उलटी वापरली. कड्यावरचा फोटो फिरवायचा, इतका की भिंत आडवी होत आली पाहिजे. मग सरळ कातळावर लटकलेला माझा मित्र असा दिसायचा, जणू गडी दुपारच्या जेवणानंतर गवतावर रांगत चाललाय.

पहिला असा फोटो मी आधी पप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मान एका खांद्याकडे वाकवली, मग दुसऱ्या, आणि बोट ठेवलं. "हा दोर."

दोर तिरका लोंबत होता. उतारावर उभ्या माणसाचा दोर हवेत तिरका राहत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"दोर काप फोटोतून. पाण्याची बाटली पण. आणि ही मागची मुलगी, हिची वेणी पुढच्या वेळी हेल्मेटात घाल." पप्पा उत्साहात आले होते. "जे जे लोंबतं ते ते काढ. लोंबणारी वस्तू खोटं बोलत नाही."

अशी आमची दोघांची भागीदारी सुरू झाली. जगासाठी मी उतारांचे कडे करत होते, आईसाठी कड्यांचे उतार. खरा डोंगर जसा आहे तसा कोणालाच नको होता, तो माझ्याकडे पडून राहायचा. पप्पा निवृत्त झाल्यावर तर त्यांनी हे खातं पूर्ण ताब्यातच घेतलं. फोटो आला की आधी त्यांच्याकडून मंजूर व्हायचा, मग आईकडे. एकदा त्यांनी एक फोटो परत पाठवला, कारण त्यात एक घार उडत होती आणि ती त्यांना उलटी वाटली.

आई सगळे फोटो कौतुकाने बघायची. "छान जागा आहे. बायाबापड्यांनाही चढता येईल," असं म्हणायची. पप्पा पेपरामागून खोकायचे. दिवाळीत पहिल्या आंघोळीला ती मला पाटावर बसवून तेल लावायची, अजूनही लावते, एवढी घोडी झाले तरी. डोंगरांचा हंगाम तेव्हा नुकताच सुरू झालेला असायचा. कमरेपाशी आली की ती जरा जोरात चोळायची. मी ओरडायचे आणि ती म्हणायची, "गप बस, अंग भरून आलंय नुसतं."

मध्ये एकदा गडबड झाली. मी फोटो पोचवायला मुंबईला गेले होते, तिथेच मित्रांचा फोन आला की माळशेजच्या बाजूला एका सुळक्यावर चाललोत, येतेस का. घरी सांगायचं राहिलं, किंवा खरं सांगायचं तर आळस केला. मी परस्पर गेले. वरून एक दगड निसटला, तो चुकवायला मी दोरावर स्वतःला बाजूला झोकलं आणि झोक्याने परत येताना घोटा कातळावर आपटून मोडला. घरी अर्थात मी सांगितलं की मुंबईत जिन्यावरून घसरले. पप्पांनी लगेच मुंबईच्या जिन्यांवर एक छोटंसं भाषण केलं, तिथे फरशा किती गुळगुळीत असतात वगैरे.

आईने मला रागवायला हवं होतं. ती रागावली नाही. तिने माझ्या चांगल्या चपला कचऱ्याच्या गाडीत टाकल्या, रोज संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि सोमवार धरले. पंचवटीत राहून देवळांचा तुटवडा नाही, त्यातलं एकही तिने सोडलं नाही. माझ्या पायाशी बसून ती तो प्लास्टरचा पाय कुरवाळायची आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. जिन्यावरून घसरण्याच्या मानाने हे जरा जास्तच होतं. मी पप्पांना म्हटलं, "वय झालं हिचं." पप्पांनी मान हलवली. आम्ही दोघेही फार हुशार होतो.

आता भिशीकडे येते.

हरसूलच्या रस्त्याला आत एक कडा आहे. माझा सगळ्यात लाडका. मध्यावर कातळाच्या भेगेतून पिंपरीचं एक झाड उगवलेलं आहे, त्याच्या शेजारी दोरावर लोंबून मी कितीतरी फोटो काढलेत. त्यातला एक, आईसाठी आडवा केलेला, पप्पांना इतका आवडला की त्यांनी तो मोठा करून, काच लावून, हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगला. स्वतःच्या कामाचा अभिमान, दुसरं काय. दोर कापला होता, बाटली कापली होती, वेणी नव्हती. झाड मात्र दोघांच्याही नजरेतून सुटलं होतं. पिंपरी बिचारी कातळाशी काटकोनात न राहता भलतीकडे कलंडलेली दिसत होती.

आईच्या भिशीच्या बायका महिन्यातून एकदा आमच्याकडे जमतात. त्या दिवशी साबुदाणा वडे संपल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकूंची नजर फोटोवर गेली. या काकू निवृत्त शिक्षिका आहेत आणि अजून सगळ्यांचे पेपर तपासतात.

"हे झाड असं वाकडं कसं?" काकूंनी विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात पप्पा ट्रे घेऊन थिजले.

"वाऱ्यानं," आई म्हणाली. "तिकडं वारा लय असतो."

"जागा छान आहे पण. आणि चढ काहीच नाही. आपली सहल काढू या का इथे?"

"काढू की," आई म्हणाली. "माझी मुलगी नेईल."

पुढचे काही दिवस पप्पांनी आणि मी देशाच्या सुरक्षेवर बोलावं तशा बैठका घेतल्या. मी आईला सांगितलं, तिकडे रस्ता खराब आहे. ती म्हणाली, कुंभमेळ्यासाठी अख्खं नाशिक खोदून ठेवलंय, इथून भाजीबाजारात जायला तरी कुठे रस्ता आहे. पप्पांनी साप काढले. आई म्हणाली, तिच्या माहेरी गुलाबाच्या वाफ्यात रोज निघायचे. मी म्हटलं, तिथे बायकांची सोय नाही. आई माझ्याकडे नुसती बघत राहिली, कारण माझी सोय तिथे इतकी वर्षं कशी होत होती हा प्रश्न मीच उभा केला होता.

शेवटी पप्पांनी नामी उपाय काढला. "डुप्लिकेट," ते म्हणाले. खऱ्या कड्याच्या अलीकडेच, त्याच डोंगराच्या सोंडेला, एक खराखुरा उतार आहे. तसाच काळा कातळ, तसंच पिवळं गवत. "फोटो कोण बरोबर घेऊन येणार आहे? तिथेच न्यायचं सगळ्यांना."

टेम्पो ट्रॅव्हलर ठरली. बायका सकाळीच नटून आल्या, गाडी पंचवटीतून निघायच्या आत चिवड्याचा पहिला डबा उघडला गेला आणि त्र्यंबक रोडला लागेपर्यंत अंताक्षरी रंगात आली होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि जगातल्या सगळ्या देवांना, त्यांच्यावर विश्वास नसताना, काम सांगत होते. पप्पा मागच्या सीटवर गुन्हेगारासारखे गप्प होते.

डुप्लिकेट फारच छान ठरला. बायकांना उतार पसंत पडला. दोघीतिघी तर पदर खोचून चक्क वरपर्यंत गेल्या आणि तिथून हात हलवून ओरडल्या. मी त्यांचे फोटो काढले. माझ्या आयुष्यातले बहुधा पहिलेच फोटो, ज्यात डोंगर जसा होता तसा आला.

तेवढ्यात शिक्षिका काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पण इथे ते झाड कुठे दिसत नाही."

मी तोंड उघडायच्या आत पप्पा पुढे आले. "पडलं," ते म्हणाले. "वाऱ्यानं."

आईने पप्पांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं, खोकला आला.

जेवणं झाली. भाकऱ्या, ठेचा, पिठलं, वर कोणीतरी आणलेले गुलाबजाम. बायका सावलीत लवंडल्या. पप्पा तोंडावर पेपर घेऊन झोपले, मोहीम फत्ते झाल्यावर माणूस झोपतो तसे. मी कॅमेरा पुसत बसले होते. आई माझ्याजवळ आली, चपला पायात सरकवल्या आणि हळूच म्हणाली, "चल. आता खरा दाखव."

मी आधी झोपलेल्या पप्पांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"चल ना," ती म्हणाली. "त्या उठल्या की पुन्हा अंताक्षरी सुरू होईल."

सोंडेला वळसा घालून जाणारी पायवाट आहे, कारवीच्या झुडपांमधून. मी पुढे, ती मागे, एका हाताने माझ्या शर्टाचं टोक धरून. वळण संपलं आणि कडा समोर आला. त्या कड्याला माझ्या ओळखीचा कोणीही उतार म्हणणार नाही, पप्पासुद्धा. आईने मान वर केली, आणखी वर केली, पदर डोक्यावरून सरकला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिने हात जोडले. ती कुठल्याही मोठ्या गोष्टीला जोडतेच, गंगापूर धरणाला जोडते, नवीन फ्रीज आला तेव्हा त्यालाही जोडले होते.

"तू कुठं असतेस?" तिने विचारलं.

मी बोट दाखवलं.

"तेच झाड?"

"तेच."

"सरळ आहे की चांगलं," आई म्हणाली. "फोटोत उगीच वाकवलंत बिचाऱ्याला."

ती एका दगडावर बसली. मी तिच्या पायाशी बसले. खाली दरीत कुठेतरी गुराख्याच्या हाका येत होत्या. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून."

"या?"

"पहिल्या. तुझ्या मनगटाचं प्लास्टर निघाल्यावरच्या. तेल लावत होते तर कमरेला हे एवढाले वळ. मांड्यांना पण. पट्ट्याचे. उतारावर चालणाऱ्याला पट्टा कशाला लागतो? कोणीतरी लोंबकळल्याशिवाय असे वळ उठतात का?"

आम्ही बापलेकीने मिळून दोर कापले होते, बाटल्या कापल्या होत्या, घारी बाद केल्या होत्या. मी स्वतः आईसमोर पाटावर उघडी बसत होते, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

"मग शपथ?" मी विचारलं. "तू तर दर वेळी घालायचीस."

"घालायचे," आई म्हणाली. "आणि तू निघालीस, जिना उतरायला लागलीस, की ओट्यापाशी उभी राहून सुटली म्हणायचे. मोडायला नको ना ती तुझ्याकडून. वर लटकलेली असताना कुणाची शपथ मोडलीये असं तुझ्या मनात आलं, हात थरथरला, म्हणजे?"

एवढी वर्षं मी शब्दांच्या फटीतून पळवाट काढल्याचा तोरा मिरवत होते आणि ही बाई दर वेळी माझ्यामागे दार उघडं सोडत होती.

"मग आल्यावर परत कशाला घालायचीस?"

"मग काय करू?" ती जरा चिडलीच. "आई आहे मी. जा म्हणू का कड्यावर?"

मी हसायला लागले. तीही हसली. मग तिचं हसू थांबलं आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

"एकदा तेवढं तू मुंबईहून परस्पर गेलीस," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं. शपथ तुझ्यावर तशीच होती. मी इकडे मेथी निवडत बसले होते आणि तू तिकडे..." ती माझ्या घोट्याकडे बघत होती. "माझ्याकडून सोडवायची राहिली. घालणारीला बाधते ती, आणि आईला बाधायचं म्हणजे लेकरावरच येतं. माझ्यामुळे मोडला तुझा पाय."

तेव्हाचे सोमवार, दृष्ट, देवळं, माझ्या पायाशी बसून रडणं, सगळं मला एकदम समजलं. तिचं वय झालं नव्हतं. ती तो पाय स्वतःच्या नावावर घेऊन बसली होती, आणि तेव्हापासून आजपर्यंत कोणाला बोलली नव्हती. मला रडू आलं, चांगलं मोठ्याने आलं.

"अगं दगड निसटला होता वरून," मी म्हटलं. "शपथेचा काय संबंध? तुझा काय संबंध?"

"तुला काय माहीत," आई म्हणाली.

मला खरंच माहीत नव्हतं. कातळ, दोर, गाठी यातलं मला सगळं समजतं, पण यावर माझ्याकडे तिला पटेल असं काहीच नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिने माझ्या केसांतून बोटं फिरवली आणि तेल लावत नाहीस म्हणून लगेच बोललीही.

"मी थांबवत नाही तुला," थोड्या वेळाने ती म्हणाली. "खोटं बोला, फोटो फिरवा, काय करायचं ते करा दोघं. फक्त निघताना घरातून निघत जा. माझ्या कानावर पडू दे."

"आणि बाहेरगावाहून जावं लागलं तर? फोन केला तर चालेल?"

आई विचारात पडली. "फोनवर सुटते का ते मला नक्की नाही सांगता येणार. विचारून सांगते."

कोणाला विचारलं देव जाणे, पण आठवड्याने उत्तर आलं. चालतं म्हणे, पण समोरासमोर बरं.

परत निघताना मी तिला विचारलं, "पप्पांना सांगू, की तुला सगळं माहीत आहे?"

"खबरदार," ती म्हणाली. "बायकोला फसवलं याचा केवढा आनंद आहे त्या माणसाला. निवृत्त झाल्यापासून तेवढं एकच काम मन लावून करतात. राहू दे."

संध्याकाळी घरी पोचलो. मी सॅक खाली ठेवली. आई हात पुसत बाहेर आली आणि पप्पांसमोर, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "उभ्या कड्यावर चढायचं नाही. माझी शपथ आहे तुला." पप्पांनी तिच्या पाठीमागून मला डोळा मारला. मीही मारला.

परवा पुन्हा हरसूलकडेच काम होतं. जाकीटवाली कंपनी, नवा मॉडेल, जुन्याच शेळ्या. ते उरकून मी माझ्या कड्यावर जाणार होते. सकाळी सॅक पाठीला लावली, पप्पा पेपरात होते, आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. "येते गं," म्हटलं. "सांभाळून," ती म्हणाली, पाठ न वळवता.

हल्ली बुटांच्या नाड्या बांधायला मला उगीच वेळ लागतो. जिन्याच्या पहिल्या वळणावर मी थांबते. त्या दिवशीही थांबले. वर लाटणं थांबलं. मग आईचा आवाज आला, अगदी हलका, स्वतःशी बोलल्यासारखा.

"सुटली."

"कोणाशी बोलतेस गं?" पप्पांनी हॉलमधून विचारलं.

"कोणाशी नाही," आई म्हणाली. "तुम्ही पेपर वाचा."

लाटणं पुन्हा सुरू झालं, आणि मी जिना उतरले.